मालेतला पूल, मुंबईतलं खातं

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर उतरले, भाव घसरले. बंदी मार्चअखेरपर्यंतच राहील असं सांगितलं होतं, पण ती पुढेही चालू राहिली. ती चालू असतानाच, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, परकीय व्यापार महासंचालनालयाची एक अधिसूचना निघाली. मालदीवला २०२४-२५ या वर्षात ३५,७४९ टन कांदा पाठवायला मुभा. सोबत १ लाख २४ हजार टन तांदूळ, १ लाख ९ हजार टन गव्हाचं पीठ, ६४ हजार टन साखर, पावणेत्रेचाळीस कोटी अंडी, शिवाय नदीची वाळू आणि खडी प्रत्येकी १० लाख टन. ही व्यवस्था १९८१च्या व्यापार करारापासून चालत आलेली आहे, आणि तेव्हापासूनचा हा सगळ्यात मोठा कोटा होता.

त्या वेळी दोन्ही देशांचे संबंध कसे होते ते आठवा. जानेवारीत मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांबद्दल वाह्यात लिहिलं होतं, आणि त्यावरून भारतीय पर्यटक तिकिटं रद्द करत होते. राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू भारतीय सैनिकांना घरी पाठवायचं वचन देऊन निवडून आले होते, आणि ते सैनिक निघायलाही लागले होते. अशा वेळी दिल्लीनं कांदा रोखला नाही, उलट वाढवला. त्याच महिन्याच्या अखेरीस आणखी सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा देण्याचं जाहीर झालं. त्या सहांत मॉरिशसचं नाव होतं. लासलगावच्या शेतकऱ्याला हे झोंबलं असेल तर त्यात चूक काहीच नाही. परराष्ट्र धोरणाचा एक छोटा हप्ता त्याच्या खिशातून गेला.

हा कांदा फुकट जात नाही. राजधानी मालेतले व्यापारी तो पैसे मोजून विकत घेतात. मग यात मदत कुठली? सगळ्या जगाला दार बंद असताना यांच्यासाठी ते किलकिलं ठेवलं जातं, ही मदत. मालदीवमध्ये शेतीला जमीन जवळपास नाही. भात, पोळी, अंडं, घर बांधायची वाळू, सगळंच जहाजानं येतं. अशा देशाला पुरवठ्याची हमी कित्येकदा रोख रकमेपेक्षा मोलाची वाटते.

भारत बेटांना देतो त्या मदतीचे असे पाच-सहा प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा रस्ता निराळा आहे. वर्तमानपत्रात मात्र सगळ्याची बेरीज करून एकच मोठा आकडा छापला जातो. तो आकडा सुटा करून पाहिला, तर कोण कोणाला नेमकं काय देतं हे बऱ्यापैकी कळतं.

आधी एक साधा प्रश्न. एवढ्याशा देशांसाठी एवढा खटाटोप का? मॉरिशसची जमीन सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यापेक्षा लहान. पण आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानं त्याच्या वाट्याला आलेला समुद्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर आहे. भारताचा स्वतःचा विशेष आर्थिक क्षेत्राचा समुद्र जवळपास तेवढाच. सेशेल्सची सगळी बेटं एकत्र केली तरी मुंबईपेक्षा लहान भरतील, आणि त्यांचा समुद्र तेरा लाख चौरस किलोमीटरच्या वर. मालदीव तर आपल्या मिनिकॉय बेटापासून जेमतेम ७० सागरी मैलांवर. आखातातून पूर्वेकडे जाणारी तेलाची जहाजं याच पट्ट्यातून जातात. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पाच लाख वस्तीच्या देशाला एक मत आणि १४० कोटींच्या देशालाही एकच. २०१९च्या मे महिन्यात, मॉरिशस हक्क सांगतो त्या चागोस बेटांवरून ब्रिटनविरुद्ध ठराव आला, तेव्हा भारतानं मॉरिशसच्या बाजूनं मत दिलं. ठराव ११६ विरुद्ध ६ असा मंजूर झाला. अशी मतं लक्षात ठेवली जातात, आणि गरज पडली की परतही मागितली जातात.

आता पैशाकडे वळू. सगळ्यात मोठे आकडे ज्या प्रकारात असतात तो म्हणजे लाइन ऑफ क्रेडिट. माले, विलिंगिली, गुल्हीफाल्हू आणि थिलाफुशी ही बेटं जोडणारा ६.७४ किलोमीटरचा पूल आणि रस्ता हे त्याचं चांगलं उदाहरण. ऑगस्ट २०२०मध्ये भारतानं यासाठी ५० कोटी डॉलर जाहीर केले. त्यातले १० कोटी अनुदान, ४० कोटी कर्ज. यातले डॉलर नेमके कुठून कुठे जातात ते पाहू.

कर्ज हवं असलेलं सरकार आधी प्रकल्पाचा आराखडा भारतीय वकिलातीकडे देतं. तो दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाच्या विकास भागीदारी प्रशासनाकडे येतो. हा विभाग २०१२ साली उभा राहिला; त्याआधी हे काम वेगवेगळ्या टेबलांवर विखुरलेलं होतं. अर्थ मंत्रालय होकार देतं. त्यानंतर फाइल येते मुंबईला, एक्झिम बँकेत, कारण कर्जाचा करार भारत सरकार करत नाही, ही बँक करते. एका बाजूला एक्झिम बँक, दुसऱ्या बाजूला मालदीवचं अर्थ मंत्रालय. बँक पैसा बाजारातून स्वतःच्या नावावर उभा करते, म्हणजे बाजारभावानं. पुढे तो देते मात्र स्वस्तात. २०१५च्या नियमावलीप्रमाणे सगळ्यात गरीब गटातल्या देशांना व्याज दीड टक्का, मुदत २५ वर्षं आणि पहिली पाच वर्षं मुद्दल फेडायचं नाही. देश जितका सुस्थितीत, तितक्या अटी कडक. घेतलेल्या आणि दिलेल्या व्याजातला फरक केंद्र सरकार बँकेला भरून देतं, आणि कर्ज बुडालं तर हमीही सरकारचीच असते. म्हणून "भारतानं ४० कोटी डॉलर दिले" ही बातमी वाचताना लक्षात ठेवावं की करदात्याचा खरा खर्च हा व्याजातला फरक आहे, आणि बुडण्याची जोखीम. मुद्दल परत यायचं असतं.

नंतरचा भाग जास्त मजेशीर आहे. या पैशातून होणाऱ्या कामाचं कंत्राट भारतीय कंपनीलाच द्यावं लागतं, आणि सामान व सेवा मिळून साधारण ७५ टक्के वाटा भारतातून यावा लागतो. कारण पटलं तर त्यात थोडी सूट मिळते. मालेच्या पुलाचं कंत्राट ऑगस्ट २०२१मध्ये ॲफकॉन्सला मिळालं. तीही मुंबईचीच कंपनी. काम एका टप्प्यापर्यंत झालं की कंपनी बिल लावते, मालदीव सरकार ते तपासून शिक्का मारतं, आणि एक्झिम बँक रक्कम थेट कंपनीला चुकती करते. मालदीवच्या तिजोरीत कर्जाचा एक डॉलरही पडत नाही. तिच्या नावावर मात्र कर्ज चढतं, आणि समुद्रात खांब उभे राहतात.

या पद्धतीला नावं ठेवायची तर जागा भरपूर आहे. स्पर्धा फक्त भारतीय कंपन्यांत होते, त्यामुळे किंमत सगळ्यात स्वस्त असेलच असं नाही. कागद चार ठिकाणी फिरतो. मालेचा पूलही ठरल्या वेळेत झाला नाही. घोषणा झालेलं कर्ज आणि प्रत्यक्ष उचललं गेलेलं कर्ज यांत जी दरी राहते, ती भारताच्या कर्जांचं जुनं दुखणं आहे. पण तरीही मला ही पद्धत वाईट वाटत नाही. पैसा मंत्र्याच्या हाती जात नाही, म्हणून तो मुरायला जागा कमी. व्याजही कंबरडं मोडणारं नाही. फक्त हिला दानधर्म म्हणू नये. हा सवलतीच्या दरातला, ओळखीच्या गिऱ्हाइकाशी केलेला व्यवहार आहे.

यात एक नवी गोष्ट २०२५मध्ये आली. जुलैत, मालदीवच्या स्वातंत्र्याला ६० वर्षं झाली तेव्हा, भारतानं ४,८५० कोटी रुपयांचं कर्ज जाहीर केलं आणि ते रुपयांत दिलं. मालदीवला रुपयातलं हे पहिलंच कर्ज. त्याआधी मार्चमध्ये मॉरिशसला शंभर किलोमीटर जुन्या जलवाहिन्या बदलायला ४८७ कोटी ६० लाखांचं कर्ज रुपयांतच देऊ केलं होतं. बेटांचं खरं दुखणं डॉलरचं असतं. पर्यटन मंदावलं की डॉलर आटतात, पण हप्त्याची तारीख थांबत नाही. रुपयातलं कर्ज रुपयात फेडायचं असतं, आणि तसंही वाळूपासून गव्हापर्यंत खरेदी भारतातूनच होत असेल तर मधे डॉलरचं काम काय? त्याच भेटीत जुन्या डॉलर कर्जांचा मालदीवचा वर्षाचा हप्ता ५ कोटी १० लाखांवरून २ कोटी ९० लाखांवर आणला गेला.

दुसरा प्रकार अनुदान, म्हणजे परत न मागायचा पैसा. हा मुख्यतः मॉरिशसला मिळतो. २०१६च्या विशेष आर्थिक पॅकेजात ३५ कोटी ३० लाख डॉलर होते आणि त्यातले साडेसत्तावीस कोटी एकट्या मेट्रो एक्स्प्रेसला गेले. उरलेल्यात सर्वोच्च न्यायालयाची इमारत, कान-नाक-घशाचं रुग्णालय, स्वस्त घरं आणि शाळकरी मुलांसाठी टॅबलेट. मेट्रोचं बांधकाम लार्सन अँड टुब्रोचं, गाड्या मात्र स्पेनच्या काफ कंपनीच्या. म्हणजे भारतातूनच घ्या हा आग्रह मोक्याच्या ठिकाणी सैल करता येतो.

अनुदानाच्या यादीत शेवटी येतं अगालेगा. मुख्य बेटापासून उत्तरेला ११०० किलोमीटरवरची दोन लहान बेटं, वस्ती तीनशेच्या आसपास. तिथे २९ फेब्रुवारी २०२४ रोजी भारतानं बांधलेली धावपट्टी आणि धक्का सुरू झाला. धावपट्टी तीन किलोमीटरची. हा लष्करी तळ नाही असं दोन्ही सरकारं सांगतात, आणि कागदावर तो नाहीच. पण तीनशे माणसांना औषधं आणि तांदूळ पोचवायला एवढ्या लांबीची धावपट्टी लागत नाही. नौदलाची लांब पल्ल्याची टेहळणी विमानं उतरवायला लागते. दोघांनाही हे ठाऊक आहे आणि दोघंही त्याबद्दल मोठ्यानं बोलत नाहीत. मुत्सद्देगिरीतला बराचसा भाग असा न बोलण्याचा असतो.

मॉरिशसला झालेली सगळ्यात मोठी मदत मात्र कुठल्याच अनुदानाच्या यादीत सापडणार नाही. १९८२च्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार मॉरिशसच्या कंपनीनं भारतातले शेअर विकून कमावलेल्या नफ्यावर भारत कर लावू शकत नव्हता, आणि मॉरिशसमध्ये तर असा करच नव्हता. परिणाम असा, की वर्षानुवर्षं भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीचा सगळ्यात मोठा झरा कागदोपत्री हे ऊस पिकवणारं बेट होतं. पोर्ट लुईमध्ये त्यावर वकील, हिशेबनीस, बँका यांचा एक अख्खा धंदा उभा राहिला. भारताचा बुडालेला कर हाच त्या धंद्याचा पाया होता. मे २०१६मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या शेअरवर भारत कर लावू लागला. तेच २०१६ साल आणि तेच विशेष पॅकेज. हा योगायोग असं कोणाला मानायचं असेल तर मानावं.

मॉरिशसशी आपलं नातं नुसतं पैशाचं नाही, हेही खरंच. १८३४पासून तिथल्या उसाच्या मळ्यांत करारानं नेलेल्या मजुरांत कोकणातली माणसंही होती. त्यांच्या वंशजांचा मराठी समाज आज तिथे आहे, मराठी शाळांत शिकवली जाते, मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये तिचा विभाग आहे, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. अशा देशात भारताला स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाही. तिथल्या तटरक्षक दलाचं नेतृत्व भारतीय नौदलाचा अधिकारी करतो आणि त्याबद्दल कोणी भुवया उंचावत नाही. मालदीवमध्ये हेच केलं असतं तर सरकार पडलं असतं.

तिसरा प्रकार रोखीचा आणि तातडीचा. मालदीव सरकार ट्रेझरी बिल काढतं, म्हणजे वर्षभराची उधारीची चिठ्ठी. भारत सरकारच्या सांगण्यावरून स्टेट बँक ती बिनव्याजी घेते. स्टेट बँक मालेत १९७४पासून आहे, त्यामुळे व्यवहार घरच्यासारखा होतो. २०२४च्या मे आणि सप्टेंबरमध्ये ५-५ कोटी डॉलरच्या अशा दोन चिठ्ठ्यांची मुदत संपत होती; भारतानं त्या आणखी एकेक वर्षासाठी पुढे ढकलल्या. तेव्हा मालदीवची डॉलरची गंगाजळी इतकी खालावली होती की इस्लामी रोख्यांवरचा हप्ता चुकेल की काय अशी भीती होती. ऑक्टोबरमध्ये मुइझ्झू दिल्लीला आले आणि रिझर्व्ह बँकेशी चलन अदलाबदलीचा करार झाला. ४० कोटी डॉलरपर्यंत, आणि त्याशिवाय ३,००० कोटी रुपयांपर्यंत. यात मालदीव आपलं चलन, रुफिया, तारण ठेवल्यासारखं देतं, डॉलर किंवा रुपये उचलतं, मुदत संपली की उलटी अदलाबदल होते. याचा पूल होत नाही की कोनशिला बसत नाही. पण दिवाळखोरीच्या तोंडावरच्या सरकारला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नसतं. "इंडिया आउट" म्हणत आलेल्या सरकारचा सूर वर्षभरात बदलला, तो मुख्यतः या कागदांमुळे, असं माझं मत आहे.

छोटी कामं थोडक्यात. मालदीवमधल्या स्थानिक परिषदा काय हवं ते सांगतात, आणि मासळी प्रक्रिया, रुग्णवाहिका, बागा अशी कामं वकिलातीमार्फत लहान अनुदानांतून होतात. मे २०२५मध्ये बेटांदरम्यानच्या फेरीबोटींसाठी असे तेरा करार झाले. शिवाय १९६४पासून चालणारा प्रशिक्षणाचा कार्यक्रम, आयटेक. त्यातून कारकुनापासून न्यायाधीशापर्यंत माणसं भारतात शिकायला येतात. हे सगळं स्वस्त असतं आणि लोकांच्या लक्षात राहतं.

आता सुरक्षेकडे येऊ. इथे भारताची कमाई आणि ठेच, दोन्ही मोठ्या आहेत. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी श्रीलंकेतल्या भाडोत्री बंडखोरांनी मालेवर हल्ला केला, राष्ट्राध्यक्ष गयूम लपून बसले, आणि त्यांच्या हाकेवर त्याच रात्री आग्र्याहून निघालेले भारतीय छत्रीधारी सैनिक हुलुले विमानतळावर उतरले. काम संपल्यावर ते परत आले. त्या परत येण्यालाच पुढे किंमत मिळाली. डिसेंबर २०१४मध्ये मालेच्या पाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि शहराचं पिण्याचं पाणी तुटलं, तेव्हा हवाई दलाची विमानं आणि नौदलाची जहाजं पाणी घेऊन गेली. तेव्हाही कुणी शंका घेतली नाही.

पण दोन ध्रुव हेलिकॉप्टर आणि एक डॉर्निअर विमान सांभाळायला राहिलेले ऐंशीच्या आसपास सैनिक मात्र निवडणुकीचा मुद्दा झाले. ही विमानं मुख्यतः दूरच्या बेटांवरचे रुग्ण आणायची. विरोध रुग्णसेवेला नव्हता, गणवेशाला होता. मे २०२४पर्यंत सैनिक परतले आणि त्यांच्या जागी साध्या कपड्यांतले भारतीय तंत्रज्ञ गेले. विमानं तीच, काम तेच.

सेशेल्सची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या अझम्प्शन बेटावर धावपट्टी आणि धक्का बांधायचा करार २०१५मध्ये झाला, जानेवारी २०१८मध्ये सुधारून पुन्हा झाला. मसुदा फुटला, राजधानी व्हिक्टोरियात निदर्शनं झाली. शेजारी अल्डाब्राचं जागतिक वारसा प्रवाळबेट, महाकाय कासवांचं घर, त्याचं काय होणार असं लोक विचारू लागले. संसदेत बहुमत विरोधकांकडे होतं; त्यांचे नेते वेव्हल रामकलावन यांनी मंजुरी नाकारली आणि करार तिथेच मेला. २०२०मध्ये हेच रामकलावन राष्ट्राध्यक्ष झाले. आणि एप्रिल २०२१मध्ये भारताच्या पैशानं बांधलेल्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या इमारतीचं उद्घाटन आणि 'झोरोस्टर' या भारतीय बनावटीच्या गस्ती नौकेचा स्वीकार त्यांनी भारताच्या पंतप्रधानांसोबत केला. गस्ती नौका चालते, कारण ती सेशेल्सच्या झेंड्याखाली चालते. बेटावरचा तळ चालत नाही. या सगळ्या प्रदेशात भारतानं शिकायचा धडा एवढाच आहे, आणि तो दरवेळी नव्यानं शिकावा लागतो.

पॅसिफिकमध्ये भारताचा हात आखडता आहे. २०१४मध्ये फिजीतल्या सुवा इथे चौदा बेट-देशांबरोबर मंच सुरू झाला आणि प्रत्येकाला वर्षाला दोन लाख डॉलरचं अनुदान ठरलं. २०१७च्या संयुक्त राष्ट्रांबरोबरच्या निधीतून पहिलं काम सात पॅसिफिक देशांत हवामानाची पूर्वसूचना देण्याचं झालं. २०२३च्या पोर्ट मोर्झबी बैठकीत डायलिसिस यंत्रं आणि समुद्री रुग्णवाहिका जाहीर झाल्या. ऑस्ट्रेलिया आणि चीन तिथे ओततात त्यापुढे हे किरकोळ आहे, आणि तसं ते असायला हरकतही नाही. घरापासून इतक्या लांब सगळं करायला गेलं की काहीच धड होत नाही.

हे सगळं स्वतः तपासायचं असेल तर दर १ फेब्रुवारीला केंद्रीय अर्थसंकल्पासोबत येणारा परराष्ट्र मंत्रालयाचा तक्ता उघडावा. २०२५-२६साठी त्यात मालदीवसमोर ६०० कोटी, मॉरिशससमोर ५०० कोटी, सेशेल्ससमोर १९ कोटी रुपये आहेत. एक्झिम बँकेची कर्जं, स्टेट बँकेची बिलं आणि कांदा यात धरलेला नाही. शेवटचा रकाना अंदाजाचा असतो, तो सोडून द्यावा. प्रत्यक्ष खर्चाचा रकाना वाचावा.